आपली शिवी पोचली

शनिवारी सकाळी सात वाजता आमच्याकडे भिवंडीत तीन गोष्टी एकदम होतात. नळाला पाणी येतं, मागच्या गल्लीतल्या लूमवाल्यांची पाळी बदलते आणि मला न्यू जर्सीहून शिवी येते. पाणी भरून होतं, पाळीचा गलका ओसरतो. शिवी मात्र रविवार संध्याकाळपर्यंत पुरते.

पाठवणारा माझा बालमित्र. चौथीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो आणि एकाच छडीचा मार वाटून खाल्ला. पंचवीस वर्षांपूर्वी तो अमेरिकेत गेला. आठवडाभर ऑफिसात सगळ्यांना 'एक्सलंट पॉइंट' म्हणून म्हणून जबडा आखडला की शुक्रवारी रात्री साडेनऊला तो मराठीकडे वळतो. पण वळून जाणार कुठे? बायको पुण्याची, तिच्या शब्दकोशात 'मूर्ख'च्या पुढे पानं नाहीत. मुलांचं मराठी 'आजी', 'पोळी' आणि 'पुरे' या तीन शब्दांवर थांबलेलं. हक्कानं शिवी द्यावी असं माणूस त्या अख्ख्या खंडात नाही. त्यामुळे त्याच्याकडचा सगळा माल भिवंडीला येतो. नाही तरी कोणाचा ना कोणाचा माल उतरवून घेणं हाच आता आमच्या गावाचा धंदा. काल्हेर, पूर्णा, माणकोलीच्या गोदामांत साबणापासून फ्रीजपर्यंत सगळं उतरतं. न्यू जर्सीची शिवी तेवढी थेट घरपोच येते.

शिव्यांचं मला वावडं आहे असं नाही. भिवंडीत जन्मलेल्या माणसाला ते परवडणारही नाही. यामागे माझी एक उपपत्ती आहे. लूमचा खडखडाट दिवसरात्र चालू. त्यात हळू बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून ओरडावं लागतं. ओरडताना लांब वाक्याला दम पुरत नाही, म्हणून वाक्य आखूड करावं लागतं. आणि आखूड वाक्यात राग, घाई, प्रेम, 'धोटा अडकलाय' आणि 'चहा आलाय' हे सगळं मावेल असा मराठी, उर्दू, तेलुगू तिन्ही बोलणाऱ्यांना समजणारा शब्द एकच: शिवी. आमच्याकडे ती विरामचिन्ह म्हणून वापरतात.

मी स्वतः सुताच्या पेढीवर हिशेब लिहितो. वडील शिक्षक. पोस्टकार्डावरसुद्धा 'सा. न. वि. वि.' लिहिल्याशिवाय ते मुद्द्याला हात घालत नसत, आणि तोवर कार्ड संपत आलेलं असे. त्यामुळे शिवी मी फक्त तोंडी देतो. तीही हेल्मेटच्या आत, काच खाली ओढून, अंजूरफाट्याच्या कोंडीत, सगळ्यांचे हॉर्न वाजत असताना. माझी शिवी आजवर माझ्याखेरीज कोणी ऐकलेली नाही. लिहून तर मी 'इश्श' सुद्धा दिलेलं नाही.

आणि हा पठ्ठ्या लिहून देतो.

पहिला मेल जुलैत आला. विषय किरकोळ होता. त्याच्या कासार आळीतल्या बंद घराची किल्ली माझ्याकडे असते. पाऊस लागल्यावर एकदा जाऊन माजघराचं छत गळतंय का ते बघ आणि फोटो पाठव, असं त्यानं जूनमध्ये कळवलं होतं. मी लगेच उत्तरही दिलं होतं, 'पाहतो' म्हणून. पण ते सोडा. प्रश्न छताचा नाही, भाषेचा आहे.

सात ओळींच्या त्या मेलमध्ये नऊ शिव्या होत्या. हिशेबनीस असल्यामुळे मी त्यांची रीतसर खतावणी केली. मातृपक्षाकडच्या चार, भगिनीपक्षाकडची एक, प्राणिवर्गातल्या तीन; आणि एक अशी, की तिचा शब्दशः अर्थ घेतला तर शरीरशास्त्राचे निदान दोन नियम मोडतात. त्यात मेल इंग्रजी अक्षरांतलं मराठी. इंग्रजीत त आणि ट, द आणि ड यांना घर एकच. एक शब्द मी तीनदा वाचला. एकदा तो माझ्या खानदानाविषयी वाटला, एकदा कंदमुळाविषयी, तिसऱ्यांदा चक्क मुंब्र्याजवळच्या एका थांब्याविषयी.

या अक्षरांमुळे फोनचीही फसगत झाली. त्याला वाटलं, मेल इंग्रजीत आहे. आपल्या फोनला अलीकडे उत्तरं सुचवायची सवय लागली आहे ना. त्यानं त्या नऊ शिव्यांच्या खाली तीन नम्र चौकटी मांडल्या: 'थँक यू!', 'साउंड्स गुड!' आणि 'आय विल चेक'. मी चष्मा शोधत होतो. अंगठा टेकला. 'साउंड्स गुड!' अटलांटिकच्या दिशेनं निघून गेलं.

गेलेला मेल मागे घेता येतो, हे मला माहीत होतं. जीमेलनं २०१५ पासून ती सोय सगळ्यांना दिली आहे. फार तर तीस सेकंद मिळतात. मला चष्मा सापडायला चाळीस लागले. तो कपाळावर होता.

न्यू जर्सीहून उत्तर आलं, "काय साउंड्स गुड?" आणि पुढे दहावी शिवी, स्वल्पविरामासह.

दुसऱ्या शनिवारचा मेल देवनागरीत होता. इंग्रजी अक्षरांत शिवीचा पीळ सुटतो, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्यानं तोंडानं बोलून मजकूर उमटवणारी सोय वापरली. आता हे यंत्र सुसंस्कृत घरातलं असावं. त्याला जे कळलं नाही, किंवा कळूनही उच्चारवलं नाही, तिथे त्यानं पदरचं घातलं. मेलची सुरुवात अशी होती: "अरे भाद्रपदा, छत बघितलंस का?"

मूळ शब्द कोणता, ते सुजाण वाचकाला सांगायला नको. 'भ' शाबूत होता. पुढचं यंत्रानं पंचांगातून घेतलं. माझ्या मात्र हे ध्यानातच आलं नाही. मी म्हटलं, बिचारा सणवार विसरलेला नाही, मुदत देतोय. मी तत्परतेनं कळवलं: 'भाद्रपदापर्यंत नक्की पाहतो.'

त्यानंतर आलेले मेल त्यानं स्वतःच्या हातानं, एकेक अक्षर दाबून लिहिले होते. यंत्रावर त्याचा विश्वास उरला नव्हता, माझ्यावर तर नव्हताच.

मग मात्र मी प्रश्नाच्या मुळाशी जायचं ठरवलं. म्हणजे छताच्या नव्हे. शिवराळ ईमेलला सभ्य माणसानं काय उत्तर द्यावं, या प्रश्नाच्या. तीन रात्री जागून मी वाचन केलं. कासार आळी माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे, हे इथे अप्रस्तुत असलं तरी बायकोनं त्या तीन रात्रींत चारदा सांगितलं.

वाचनातून बरंच हाती लागलं. २००० साली 'युडोरा' नावाच्या ईमेल प्रोग्राममध्ये 'मूडवॉच' नावाची सोय आली होती. मजकूर तिखट असला की ती मिरच्या दाखवायची. फारच जहाल असेल तर तीन. वाचून मला हसू आलं. तीन मिरच्या आमच्याकडे वडापावबरोबर मिळतात, आणि 'और एक देना' म्हटलं की चौथीही. शिवाय युडोराला मराठी कुठे कळणार? माझ्या मित्राच्या मेलला तिनं एकही मिरची न लावता पुढे सोडलं असतं.

२००८ साली जीमेलनं 'मेल गॉगल्स' काढलं होतं. शुक्रवार-शनिवारच्या रात्री उशिरा मेल पाठवायला गेलात की आधी ठरलेल्या वेळात काही सोपी गणितं सोडवा, मग पाठवा. हेतू असा, की शुद्धीवर नसलेल्या माणसाचा हात तिथेच अडावा. ही सोय आज चालू असती तर माझे सगळे शनिवार शांततेत गेले असते. सहामाहीत आमच्या मित्राला गणितात शंभरपैकी अकरा होते, तेही पूर्ण शुद्धीत.

आणि २०१० चं प्रकरण तर डोळे उघडणारं. त्या एप्रिलमध्ये अमेरिकी सिनेटच्या चौकशीत कार्ल लेव्हिन या सिनेटरांनी गोल्डमन सॅक्स या बड्या बँकेचा एक अंतर्गत ईमेल वाचला. एका व्यवहाराला त्यात असभ्य विशेषण लावलेलं होतं. सिनेटरसाहेबांनी ते विशेषण भर सभेत, टीव्हीसमोर, इतक्या वेळा उच्चारलं की लिहिणाऱ्यालाही ते एवढं वापरायचं नसावं. त्याच वर्षी बँकेनं आपल्या लोकांना ईमेलमध्ये शिव्या लिहायची बंदी केली. व्यवहारांचं पुढे काय झालं, ते वाचायचा मला कंटाळा आला. विशेषण तेवढं लक्षात राहिलं.

पण खरा दिलासा मिळाला तो घराजवळ. लिहून शिवी देणं हे अमेरिकन खूळ नसून आमच्या ठाणे जिल्ह्याची जुनी परंपरा आहे. आमच्याच तालुक्यात लोनाडजवळ चौधरपाड्याला शिलाहार राजा केशिदेवाचा शके ११६१ चा शिलालेख सापडला. परळला सापडलेला अपरादित्याचा त्याहून जुना. शिलाहारांच्या काळापासून उत्तर कोकणात दानाचे जे दगड उभे राहिले, त्यांतल्या कितीतरी दगडांवर वर चंद्र-सूर्य, मध्ये मजकूर आणि तळाशी गधेगाळ असते. हे दान जो मोडेल त्याच्या आईची आणि एका गाढवाची... पुढचं चित्र दगडावर स्पष्ट आहे, इथे नको. म्हणजे वर आदरानं चंद्र-सूर्य, मध्ये कामाची गोष्ट, खाली शिवी. आपल्या ईमेलच्या तळाशी बारीक अक्षरांत 'हा मजकूर चुकून आपल्याला मिळाला असल्यास' असली धमकी असते ना, तिचा हा मूळपुरुष. आज आठशे वर्षांनी लोक तो दगड बघायला जातात, तेव्हा कोणतं गाव कोणाला दान दिलं हे एकही जण विचारत नाही. सगळे वाकून तळाचं गाढव बघतात.

मीही फोटोत तेवढंच बघितलं, हे कबूल करतो.

एवढा अभ्यास झाल्यावर उत्तर लिहायला बसलो. पहिला मसुदा असा: 'स. न. वि. वि. आपली दि. १४ ची शिवी पोचली. त्यातील अनुक्रमांक १ ते ९ बाबत आम्ही तीव्र नापसंती नोंदवीत असून, अनुक्रमांक ६ चा खुलासा उलट टपाली व्हावा ही विनंती.' बायकोला वाचून दाखवला.

"थकलेल्या सुताच्या बिलाचं पत्र वाटतंय," ती म्हणाली. "आणि छताचं काय?"

"तो विषय नंतर. आधी भाषा."

दुसरा मसुदा जशास तसा करायचं ठरवलं. दार लावून तासभर बसलो. तासाअखेर कागदावर एक शब्द होता: 'नालायका'. तो बघून माझ्याच छातीत धडधडू लागलं. वडिलांचा फोटो समोरच. मी त्याचं 'काहीसा नालायका' केलं. तेही बोचायला लागलं, तेव्हा 'आदरणीय नालायक' केलं. शेवटी ते लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांच्या यादीसारखं दिसायला लागल्यावर फाडून टाकलं.

तिसरा मसुदा फक्त सहीचा होता. मेलच्या तळाशी कायमची एक छोटी गधेगाळ लावून घ्यावी, म्हणजे दर वेळी वेगळा अपमान करायला नको. पण माझ्या त्याच पत्त्यावरून पेढीची बिलंही जातात, हे वेळेवर आठवलं.

मग सल्ले घेतले.

शेठ गादीवर लोडाला टेकून म्हणाले, "देख भाई, गाली उधार में आती है। उसको जमा में मत लिख। माल का पूछ रहा है तो माल का जवाब दे।" शेठना साहित्यिक अंग नाही, हे मला माहीत होतंच.

शेजारचे वकील म्हणाले, "पूर्वी आयटी कायद्यात ६६ अ होतं. त्रासदायक ईमेल पाठवणाऱ्याला त्यात धरता आलं असतं. २०१५ साली सुप्रीम कोर्टानं ते कलमच रद्द केलं. आणि तक्रार काय करणार तुम्ही? शिव्यांना तुम्ही 'साउंड्स गुड' असं लेखी कळवलंय. ही तर संमती झाली." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "बरं, छत कौलारू आहे की पत्र्याचं?" मी म्हटलं, तो वेगळा विषय आहे.

कन्या म्हणाली, "बाबा, एवढं काय? अंगठा पाठवा." आणि माझ्या हातून फोन घेऊन तिनं पाठवलाही. तिच्या पिढीत अंगठा म्हणजे 'ठीक आहे'. आमच्या पिढीत कोणाला अंगठा दाखवला तर काय होतं, ते मला तासाभरात न्यू जर्सीहून कळलं. त्या मेलमध्ये प्राणिवर्गात दोन नव्या जातींची भर होती.

बायको सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्याची. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "आमच्याकडे नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी बोरीचा बार असतो. सुखेडच्या बायका ओढ्याच्या एका काठाला, बोरीच्या दुसऱ्या काठाला. हात नाचवून नाचवून शिव्या घालतात एकमेकींना. ऐकवत नाही असलं. मग घरी जाऊन भाकरी टाकतात. उत्तर काय द्यावं म्हणून कोणी तीन रात्री जागत नाही."

"आमचा ओढा जरा रुंद आहे," मी म्हणालो.

"ओढा रुंद नाही. तुम्हाला पावसात बाहेर पडायचा कंटाळा आहे."

बायकांना प्रश्नाची व्यापक बाजू दिसत नाही.

श्रावणातल्या तिसऱ्या शनिवारी आमच्याकडे सत्यनारायण होता. सकाळचाच मुहूर्त. आळीतली दहा-बारा माणसं, शेठ, वकील, समोरच्या काकू, सगळे हजर. चष्मा सापडत नाही ही माझी रोजची रड असल्यामुळे कन्येनं माझ्या फोनमध्ये मेल मोठ्यानं वाचून दाखवायची सोय करून ठेवली होती. फोन चौरंगाशेजारी. गुरुजींचा चौथा अध्याय रंगात आलेला. शिऱ्याचं पातेलं ठेवायला जागा करावी म्हणून कोणीतरी फोन उचलून बाजूला ठेवला. नेमका कुठे दाबला गेला, सत्यनारायणालाच ठाऊक.

आणि एक बाई बोलू लागली. आकाशवाणीवर सकाळच्या बातम्या द्याव्यात तसा स्वच्छ, गोड, शांत आवाज. "विषय: अत्यंत महत्त्वाचं," ती म्हणाली. आणि मग तिनं पहिली शिवी दिली.

आवाज काय वर्णावा! ऱ्हस्व-दीर्घ चोख, अनुस्वार स्पष्ट, जोडाक्षरं सुटी. आमच्या मित्राच्या शिव्या इतक्या शुद्ध त्यानं स्वतः कधी ऐकल्या नसतील. मी फोनकडे झेपावलो, तर सोवळ्याचा काठ समईत. तो वाचवायला गेलो, तर पाय पातेल्यात. कन्येला हसू आवरेना, म्हणून तिनं तोंडाला पदर लावला. ड्रेसला पदर नसतो, तेव्हा माझ्या उपरण्याचा. बाई शांतपणे भगिनीपक्षाकडे वळल्या. सिनेटमध्ये त्या दिवशी बँकेच्या साहेबांना काय वाटलं असेल, ते मला नेमकं कळलं. त्यांच्यासमोर निदान शिरा नव्हता.

"...अकरा वेळा 'पाहतो' लिहिलंस. मोजलेत मी. अकरा. मी तुला बांधायला नाही सांगितलं, विकायला नाही सांगितलं. नुसतं पाहायला सांगितलं. आणि तू न पाहता 'पाहतो' म्हणतोस. आईनं अंथरुणावरून ज्या छताकडे बघत दिवस काढले, ते छत आहे ते. शिव्या मी देतोय की तू?"

मेल संपला. समईची वात तेवढी चुरचुरत होती.

समोरच्या काकूंना कमी ऐकू येतं. त्यांनी भक्तिभावानं हात जोडले आणि म्हणाल्या, "साधुवाण्याचं जहाज बुडलं वाटतं."

गुरुजींनी घसा साफ केला. आता ते पूजा सोडून उठणार, अशी माझी खात्री झाली. ते म्हणाले, "शिमगा श्रावणात आला, एवढंच. होतं असं. पण यजमान, ते छत गळतंय का?"

"हो, छताचं काय झालं?" वकील म्हणाले.

"वो छत का क्या हुआ?" शेठ म्हणाले.

त्या सगळ्या शिव्यांपैकी एकही कोणाच्या कानाला लागली नव्हती. मी उभाच होतो. एक पाय शिऱ्यात.

"पाहतो," मी म्हणालो. म्हणजे तोंडातून निघून गेलं. बारावं. बायकोनं काही न बोलता खुंटीवरची किल्ली काढून माझ्या एका हातात दिली आणि दुसऱ्या हातात छत्री. "आरतीला अर्धा तास आहे," ती म्हणाली. "शिरा मात्र पुन्हा करावा लागेल, तो मी पाहते." तिचं 'पाहते' ऐकताना न वटलेल्या चेकच्या शेजारी खणखणीत नाणं ठेवल्यासारखं वाटलं.

पंधरा मिनिटांचा रस्ता सोवळ्यात दहा मिनिटांत कापला. कुलूप गंजलेलं, पण किल्लीनं मान ठेवला. आत माजघरात मान वर केली. आणि मग, साडेआठ आठवडे आणि बारा उत्तरं झाल्यावर, मी पाहिलं.

दोन कौलं सरकली होती. एवढंच. पाणी वाशावरून भिंतीवर येत होतं आणि दाराच्या मागच्या बाजूनं एक ओघळ खाली उतरला होता. तिथे, भिंतीवर, कंपासच्या टोकानं कोरलेला आमच्या उन्हाळी क्रिकेटचा धावफलक. सातवीचं वर्ष. त्याचे ३४. माझा शून्य. शून्यापुढे जागा मोकळी राहिली होती, ती त्यानं त्या वेळी एका शब्दानं भरून टाकली होती: 'रताळ्या'. ओघळ शब्दाच्या वीतभर वर येऊन थांबला होता. शिलाहारांच्या दगडाला उन्हापावसानं जेवढा मान दिला, तेवढा या लेखालाही दिला होता. आणखी एखादी जोराची सर, आणि माझा शून्य पुसला गेला असता, त्याच्यासोबत शिवीही.

मी गाढव बघत बसलो नाही. शेजारून शिडी आणली, कौलं चढवून घ्यायला एक पोरगा मिळाला. तो वर चढला, खालून मी 'डावीकडे, अजून डावीकडे' ओरडत होतो. पाऊस कौलांवर वाजत असल्यामुळे त्याला ऐकू येईना. शेवटी मी एक आखूड वाक्य वापरलं. आयुष्यात पहिल्यांदा, हेल्मेटशिवाय. त्यानं लगेच बरोबर कौल सरकवलं आणि वरून विचारलं, "अभी ठीक है, चाचा?" माझी उपपत्ती सिद्ध झाली.

आरतीला मी पोचलो, ओला, धोतराला शेवाळ. कोणी काही बोललं नाही. गुरुजींनी शेवटचा अध्याय माझ्यासाठी थांबवून ठेवला होता.

दुपारी मेल लिहिला. 'स. न. वि. वि.' नाही, नापसंती नाही, अनुक्रमांक नाहीत. फोटो चार: सरकलेली कौलं, बसवलेली कौलं, कोरडं छत आणि धावफलक. खाली एकच शब्द: 'पाहिलं.'

तिकडे पहाट असणार, म्हणून उत्तराची वाट न बघता आडवा झालो. संध्याकाळी फोन वाजला. मेल. इंग्रजी अक्षरांत एकच शब्द. या वेळी त आणि ट यांचा घोळ झाला नाही, कंदमूळच होतं.

'रताळ्या.'

फोनला पुन्हा ते इंग्रजी वाटलं. त्यानं खाली तीन नम्र चौकटी मांडल्या. मी चष्मा शोधला, कपाळावरून डोळ्यांवर आणला, तिन्ही नीट वाचल्या, आणि पहिलीवर अंगठा टेकला.

'थँक यू!'